पुढची आस

तार्तूच्या बाहेर, शाळेच्या जिममध्ये
राखाडी कार्पेट अंथरलंय.
बाहेर उणे अठरा. आत टायरच्या रसायनाचा संत्र्यासारखा वास,
राईचा पाव, चार्जरचे घरघरणारे पंखे,
आणि एकाच टेबलाशी एकोणीस हिवाळे
मी आणि हेल्दुर, एकमेकांचे प्रतिस्पर्धी.
मधे एक टॉवेल. त्याची बाजू, माझी बाजू.
पाने मात्र सामायिक.

हेल्दुर वन-वे चालवतो.
म्हणजे मोटरनं जोर लावला तर पुढची चाकंही ओढतात,
बोट सैल केलं की सुटतात,
माहेरी आल्यासारखी मोकळी.
ब्रेक त्यांच्यापर्यंत पोचतच नाही,
सगळा मागच्या दोघांच्या माथी.
वळणात गाडी अशी शिरते की विचारू नका.
पण बोट जरा जड पडलं
की शेपूटच पुढे येऊन विचारते, कुठे निघालात?

माझ्या गाडीत स्पूल. भरीव, आडमुठा.
डावं-उजवं एकाच सळईला जखडलेलं.
ब्रेक चारही चाकं वाटून घेतात,
कोपऱ्यात नाक बाहेर ओढतं,
सांध्यांचं प्लास्टिक महिन्यात झिजतं.
हेल्दुर त्याला म्हणायचा, तीन पायांची शर्यत.

तिसरा पर्याय डिफरन्शियल. आत मधापेक्षा घट्ट तेल,
दोन्ही चाकांचं ऐकून घेणारा.
तो आम्ही दोघंही वापरत नाही.

आज पहिल्या फेरीत सरळ रस्त्याच्या टोकाला
त्याची गाडी गरकन फिरली.
दुसऱ्या फेरीत तिथेच.
तिसऱ्या फेरीत गाडी उचलणारी पोरं
आधीच तिथे जाऊन उभी होती.

"कार्पेट बदललंय," तो म्हणाला.
कार्पेट तेच होतं.
मी मंचावर त्याच्या शेजारी होते, गाडी बघत नव्हते.
ट्रिगरवरचं बोट बघत होते.
ते ब्रेक दाबत नव्हतं,
शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं टकटक करत होतं.

चौतीस वर्षं याच माणसानं भरलेली बस
बर्फावर अशी थांबवली
की उभ्या म्हातारीच्या पिशवीतली अंडीसुद्धा हलली नाहीत.

अंतिम फेरीला वीस मिनिटं.
काय बोलणार?
माझ्या डब्यातला जादा स्पूल काढला,
टॉवेलवर ठेवला. बरोबर मधोमध.
तो बराच वेळ स्कोअरबोर्ड वाचत बसला,
जो अजून कोरा होता.
मग म्हणाला, "दोनचा पाना दे."

इवलासा स्क्रू त्याच्या बोटांतून दोनदा निसटला,
दुसऱ्यांदा थेट चहात.
तिसऱ्यांदा मी धरला. तो फिरवत राहिला.

रिमोटमध्ये ब्रेक सत्तरवरून पंचेचाळीस.
ड्रॅग ब्रेक शून्यावरून आठ,
म्हणजे बोट उचललं की गाडी आपणहूनच जरा दमेल,
त्यानं काही करायला नको.
हा आकडा मी सांगितला नाही. त्यानंच टाकला.

पुढचा आस बदलायला अकरा मिनिटं लागली.
पुढची आस बदलायला किती लागली,
ते तो मला सांगणार नाही.

ब गटात सहावा आला. एकदाही फिरला नाही.
"ट्रामसारखी चालते," म्हणाला, तोंड वाकडं करून.
मी टायर पुसत होते, पुसत राहिले.

सामान आवरताना त्यानं वन-वे चिंधीनं पुसला,
टॉवेलच्या माझ्या बाजूला सरकवला.
"तुझं बोट अजून हलकं आहे."

पार्किंगमध्ये, काचेवरचं बर्फ वितळेपर्यंत
गाडीत बसून मी तो चिमटीत धरून फिरवला.
पुढे फिरतो, बिनआवाज, कितीही.
मागे फिरवला की अडतो.
पुन्हा मागे फिरवून पाहिला.